बंदीच्या काळातला धूर

चिंबोते, १४ ऑगस्ट २००९

अबनेर दादा,

आधीच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. ती ख्यालीखुशालीची होती, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. या पत्राला मात्र उत्तर हवं आहे. तुझा फोन नंबर आमच्याकडे नाही, म्हणून सीमेवरच्या ताक्ना गावाच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. पुढे तो कुणाबरोबर तरी चिलीत इकीकेला तुझ्या खाणावळीत पोचवील.

कंपनीने जुन्या कामगारांना कागद दिले आहेत. बोटींच्या कोट्याचा नवा कायदा आल्यापासून आपल्या धक्क्यावर मासळी कमी उतरते, म्हणून ‘स्वखुशीने’ निवृत्ती. तीस सप्टेंबरच्या आत सही केली तर सगळ्या वर्षांचा हिशेब आणि वर बक्षीस, एकरकमी. नाही केली तर नोकरी चालू राहील, पण कारखाना चालू असेल तोवरच. बाबा सही करणार होते. मागच्या खोलीवर पक्कं छप्पर घालायचं, आईच्या कबरीवर दगड बसवायचा आणि धक्क्याजवळ एक छोटं दुरुस्तीचं दुकान टाकायचं, असं सगळं ठरलं होतं. गेल्या आठवड्यापासून म्हणतात, सही करणार नाही.

कारण आमचा व्हिडिओ.

मी आता अमिल्कार साहेबांकडे काम करतो. लग्नं, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे सोहळे आणि नगरपालिकेची उद्घाटनं यांचं ते चित्रण करतात. अलीकडे कंपन्यांचे परिचयाचे व्हिडिओही करायला लागले आहेत. मी अंदाजपत्रकं बनवतो. शाळा अर्धवट सोडली तरी माझी बेरीज चुकत नाही आणि गिऱ्हाइकाच्या नावाचं स्पेलिंग मी तीनदा तपासतो, एवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. तर आपल्याच कंपनीचं काम आमच्याकडे आलं. मी आनंदाने घरी सांगितलं. बाबा माशाचं चिल्कानो सूप पीत होते. चमचा तसाच धरून म्हणाले, “व्हिडिओ? आपल्या कारखान्याचा?”

“हो. सहा मिनिटांचा.”

“किती पैसे लावणार?”

मी अंदाजे आकडा सांगितला. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“बंद करायच्या कारखान्यावर कोणी एवढे पैसे लावतं का रे? कागद देतात ते आळशांना हाकलायला. खऱ्या कामगाराची परीक्षा बघतात. मी नाही जात.”

तेव्हा मलाही ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, पटलं तर बरं असं वाटलं. आता झोपताना शंका येते. तू कामगारांचा प्रतिनिधी होतास. कंपनी काय करते आणि का करते, हे तुला आमच्यापेक्षा कळतं. चार वर्षांपूर्वीच्या संपात तू बॉयलर विझवायला सांगितलंस, बाबांनी विझवला नाही, तुझी नोकरी गेली, हे सगळं मला माहीत आहे. मी त्यावर काही मागत नाही. एवढंच सांग, व्हिडिओ काढणं हे चांगलं लक्षण की वाईट?

तुझा,
योसिमार


चिंबोते, २९ ऑगस्ट

दादा,

उत्तर नाही. पण थांबायला आता वेळ नाही, म्हणून लिहितो.

मंगळवारी आम्ही कारखान्याच्या ऑफिसात गेलो. व्यवस्थापक इंजिनिअर उगास तुझ्या वेळी नव्हते, लिमाहून नवे आले आहेत. लोक समजतात व्हिडिओची किंमत मिनिटांवर ठरते. तसं नाही. दोन मिनिटांचा व्हिडिओ वीस मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा महाग पडू शकतो. किती दिवस चित्रण, किती जागा, किती माणसं आणि बाकी सामान काय, हे धरायचं. शिवाय ‘हे मला आवडलं नाही’ असं म्हणायचा हक्क बैठकीतल्या किती जणांना आहे, तेही धरायचं. अमिल्कार साहेब म्हणतात, एक साहेब म्हणजे दोन दुरुस्त्या, आणि साहेबांची बायको म्हणजे पाच. पण हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ते नेहमी एकच विचारतात.

“इंजिनिअर, हा बघणार कोण?”

“पाहुणे,” उगास म्हणाले.

“कुठले?”

“बाहेरचे.”

“मग निवेदन?”

“इंग्रजीत. एक प्रत चिनीत.”

मी लिहून घेत होतो. विचारलं, “आणि स्पॅनिश?”

उगासनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “स्पॅनिश कशाला? इथल्या लोकांनी कारखाना बघितलाय की.”

अमिल्कार साहेब हसले, म्हणून मीही हसलो.

मग उगासनी मासळीचं पीठ करायच्या यंत्रांची नावं सांगितली. कुकर, दाबयंत्रं, सुकवणीचे ड्रम, बॉयलर. प्रत्येक यंत्र चारही बाजूंनी हवं आणि त्यावरची पितळी पाटी वाचता येईल इतक्या जवळून हवी. बॉयलर प्रत्यक्ष पेटलेला हवा. साहेब म्हणाले, सध्या मासेमारीला बंदी आहे, नुसत्या चित्रासाठी एवढं तेल जाळण्यात काय अर्थ आहे? आम्ही धुराड्याच्या तळाशी चार टायर जाळतो, बाहेरून कुणाला कळणार नाही. उगास म्हणाले, “खोटा धूर नको. दाबाचा काटा चढताना दिसला पाहिजे, मध्ये न तोडता. तेलाचा खर्च वेगळा लावा.” आणि त्या रकमेवर त्यांनी एकही घासाघीस केली नाही. तेल हा आख्ख्या अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा होता.

परत येताना गाडीत साहेबांनी यंत्रांची यादी पुन्हा वाचली. मग म्हणाले, “कामगारांना दाखवायचा असेल तर एक कॅमेरा, एक दिवस, मालकाचं भाषण आणि शेवटी राष्ट्रगीत. मंत्र्याला दाखवायचा असेल तर शाळेतली पोरं आणि झेंडे. यांनी पाट्या मागितल्या. तू मोटारसायकल विकताना कशाचा फोटो देतोस?”

“इंजिनच्या नंबरचा.”

“मग? डोकं आहे ना तुला?” आणि पुढे म्हणाले, “तोंड मात्र नाही. समजलं? आपण कागदावर सही केली आहे. बाहेर एक शब्द गेला तर काम जाईल, आणि माझं काम गेलं की तुझं आधी जाईल.”

दादा, ते कारखाना विकताहेत. चालू कारखाना म्हणून नाही. बोटी आणि कोटा दुसऱ्या कंपनीकडे चाललाय आणि यंत्रं सोडवून परदेशी चालली आहेत, हे नंतर साहेबांनीच शोधून काढलं. कारखान्याची फक्त जमीन उरेल. मी हे तुला लिहितो आहे आणि लिहिताना दार लावून घेतलं आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू काय म्हणशील ते मला ऐकू येतं आहे. पण माझ्या पगारावर घर चाललं आहे. बंदीच्या काळात बाबांना किती मिळतं ते तुला माहीत आहे.

योसिमार


चिंबोते, १३ सप्टेंबर

दादा,

चित्रण झालं. तुला सगळं सांगायला हवं, म्हणजे इथे काय चाललं आहे ते कळेल.

अंदाजपत्रकात मी कामगारांच्या दोन दिवसांच्या मजुरीची ओळ टाकली होती. साहेबांनी ती खोडली. म्हणाले, “नट असते तर पैसे, गणवेश, जेवण, गाडी. हे तर फुकट यायला तयार आहेत, आणि वर खरे दिसतात.” तयार म्हणजे किती तयार! बाबांनी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं. ज्यांनी निवृत्तीवर सही केलेली नाही ते सगळे आले. सही केलेलेही काही आले. त्यांच्याकडे बाबा असे बघत होते, जसे आपण चर्चमध्ये मिस्सामधून मध्येच उठून गेलेल्यांकडे बघतो. रंग कंपनीचा, हात यांचे. सुकवणीचे ड्रम घासून चकचकीत केले. पितळी पाट्या तर बाबांनी स्वतः लिंबू आणि राखेने घासल्या. मी कॅमेऱ्याच्या क्रेनची वायर धरून उभा होतो आणि बघत होतो. पाट्या अशा लखलखत होत्या की कॅमेरावाला म्हणाला, उस्ताद, जरा कमी चमकवा, उजेड उलटतो.

पहिल्या दिवशी बॉयलर पेटला. तुला आठवत असेल, बाबा त्याला म्हातारी म्हणतात. तिच्याजवळ कान नेऊन ऐकतात. काटा चढायला लागला तेव्हा कॅमेरा त्यांच्या खांद्यावरून होता. उगास मागे उभे राहून फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होते. काटा ठरलेल्या खुणेवर आला आणि थांबला. बाबा मागे न वळता म्हणाले, “सांगा त्यांना. म्हातारी अजून चार मालकांना पुरेल.”

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा ऐकू आला. धुराड्यातून धूर निघालेला वस्तीने पाहिला होता. बायका दारात आल्या, कोणी मुलांना उचलून दाखवलं, जाळी विणणारे फाटकापर्यंत धावत आले. बंदीत धूर कोणी पाहिलेला नाही. एकाने घंटा वाजवायला चर्चकडे माणूस पाठवला, त्याला मी अर्ध्या वाटेत गाठून परत आणलं.

फाटकाशी ओर्फेलिंदा मावशी आपल्या दुकानाला कुलूप घालून आली होती. तिने नाक वर करून हवा ओढली.

“धूर आहे, पण वास कुठाय?”

“मासळी कुठाय मावशी, बंदी आहे ना!” बाबा जाळीपलीकडून म्हणाले. डोक्यावर नवं हेल्मेट होतं, काढायला तयार नव्हते.

“मग धूर कशाला?”

“चित्रासाठी. अगं, पाण्यासारखं तेल जाळलं त्यांनी. रंग लावला, लिमाहून क्रेन आणली. मड्याला कोणी नवे बूट घालतं का?”

“माझ्या नवऱ्याला मी घातले होते, उस्ताद. कोरे करकरीत. दुकानदार परत घेईना.”

सगळे हसले. बाबा सगळ्यात जास्त हसले. इतके हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलेलं नाही. त्यांच्याबरोबर मी हसू शकलो नाही, म्हणून वायर गुंडाळायला गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बॉयलरसमोर उभं करून काहीतरी बोलायला सांगितलं. ते म्हणाले, “माझं सगळं आयुष्य हिच्यासमोर गेलं. ही कधी रुसली नाही. रुसली ती माणसं.” मग कॅमेऱ्याच्या बाजूला, मी उभा होतो तिकडे पाहिलं. दादा, ते वाक्य तुझ्यासाठी होतं. मला वाटतं तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोचेल अशी त्यांची कल्पना आहे.

सतरा दिवस उरले आहेत.

योसिमार


चिंबोते, २० सप्टेंबर

दादा,

मी त्यांना सांगितलं.

आज सकाळी अंगणात ते माझे केस कापत होते. त्यांच्या हातात कात्री होती आणि माझी मान खाली होती, चेहरा दिसत नव्हता, म्हणून जमलं. पाट्यांचं सांगितलं, स्पॅनिश नको म्हणाले ते सांगितलं, बोटी कुठे चालल्या ते सांगितलं. कात्री थांबली नाही. मी म्हटलं, “बाबा, सही करा. दहा दिवस आहेत.”

“मान सरळ ठेव.”

“माझी नोकरी गेली तरी चालेल. मी खोटं का सांगेन?”

“तू खोटं सांगत नाहीस. तू घाबरट आहेस. लहानपणी पोळीवर काळा डाग दिसला की विष आहे म्हणायचास.” मानेवरचे केस फुंकले. “तू पाट्या वाचतोस, मी काटा वाचतो. विकायचं असतं तर थंड यंत्राचे फोटो काढले असते. थंड यंत्र फुकट असतं. त्यांनी म्हातारीला पेटवलं. त्याला खर्च येतो, योसिमार. माणूस खर्च तिथेच करतो जिथे त्याला राहायचं असतं.”

“बाबा, विकणाराही खर्च करतो. ते आमचं रोजचं काम आहे. जेवढं महाग विकायचं, तेवढा...”

“तुमचं काम!” ते म्हणाले. “वधूच्या बापाला फुगे किती लागतील ते सांगणं तुमचं काम.”

मग माझ्या खांद्यावरचं कापड झटकलं. आरसा माझ्या हातात दिला आणि डोक्यामागून बघत म्हणाले, “अबनेर असता तर ओरडला असता, पाय आपटले असते, मला कंपनीचा कुत्रा म्हणाला असता. पण त्या पोराने मला फसवून कधी काही सांगितलं नाही. एकदाही नाही.”

एवढंच. पण तू हे वाक्य परत वाच. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तुझं नाव घेतलं ते असं. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. ओर्फेलिंदा मावशीच्या दुकानाचा फोन नंबर खाली लिहिला आहे, दोनदा तपासला आहे. रविवारी मिस्सानंतर बाबा तिथे बसतात. तू फक्त म्हण, सही करा. भांडण करायचं असेल तर तेही कर, पण शेवटी ते म्हण. कंपनी विकली गेल्यावर सही न केलेल्यांचा हिशेब कोर्टात पडून राहील. तुझ्या वेळच्या बडतर्फ लोकांचा अजून पडून आहे, हे तूच मला सांगितलं होतंस. बाबा बासष्ट वर्षांचे आहेत.

योसिमार


चिंबोते, २८ सप्टेंबर

दादा,

तू फोन केलास. ओर्फेलिंदा मावशी रस्त्यापर्यंत ओरडत आली, “उस्ताद! चिलीहून!” बाबा उठले, टोपी काढली, परत घातली आणि आत गेले. मी दारात उभा होतो. मला फक्त त्यांचं बोलणं ऐकू आलं, ते तुला जसंच्या तसं लिहितो. तू काय म्हणालास ते मला हवं आहे.

ते म्हणाले, “हं.”

मग, “बरा आहे. तू?”

मग रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

मग, “ऐकलं का, धूर काढला आम्ही. बंदीत! तुला तिथून दिसला नसेल.” आणि हसले.

मग, “नाही, नाही. ते जाऊ दे. तेव्हा तूही तरुण होतास आणि मीही हट्टी होतो.”

मग, “हंगाम सुरू झाला की माणसं लागतील. उगास नवा आहे, त्याला जुनं काही माहीत नाही. मी बोलतो. म्हातारीजवळ दुसरा माणूस मला हवाच आहे. माझ्यानंतर कोण बघणार तिच्याकडे? हा कॅमेरावाला?”

मग, “रडतोस कशाला? अरे बाबा, रडतोस कशाला?”

आणि फोन ठेवला. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना इन्का कोला पाजला. ओर्फेलिंदा मावशीने पैसे घेतले नाहीत. घरी येताना शीळ घालत होते.

दादा, तू त्यांना म्हणालास का? मला वाटतं नाही म्हणालास. मला वाटतं तू म्हणायलाच फोन केला होतास आणि त्यांनी आधी धुराचं सांगितलं, मग ‘मीही हट्टी होतो’ म्हणाले, आणि मग तुझ्या तोंडून ते निघेना. मी तुला दोष देत नाही. माझ्याही निघालं नसतं.

पण परवा शेवटची तारीख आहे. मंगळवारी पुन्हा फोन कर. दुकानात कर, ऑफिसात कर, कुठेही कर. हे पत्र तोवर पोचणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितो आहे.

योसिमार


चिंबोते, १ ऑक्टोबर

दादा,

काल पाच वाजता ऑफिस बंद झालं. दुपारी मी कोरा अर्ज आणि पेन घेऊन त्यांच्यामागे धक्क्यापर्यंत गेलो. त्यांनी पेन घेतलं, आगपेटीवर अबनेर असं लिहिलं, त्याखाली तुझ्या बुटाचा नंबर लिहिला आणि मला म्हणाले, “भांडारातून नवे सुरक्षा बूट काढून ठेवायला सांगायचे आहेत. एकेचाळीस ना त्याचा?”

मी हो म्हटलं.

योसिमार


चिंबोते, २६ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र इकीके सोडायच्या आधी तुझ्या हाती पडलं पाहिजे. ड्रायव्हरला जास्त पैसे दिले आहेत आणि खाणावळीच्या बाईंसाठी वेगळी चिठ्ठी जोडली आहे. बाबा म्हणतात, तू नोव्हेंबरात येणार असं ठरलं आहे. मालकाला तसं सांगितलं असशील तर परत घे.

शनिवारी त्यांनी व्हिडिओ बघितला.

महिनाभर मागत होते. साहेबांनी शेवटी एक डीव्हीडी दिली, म्हणाले, “दे म्हाताऱ्याला, त्याचा हक्क आहे. इंग्रजी कोणाला कळतं तिथे?” ओर्फेलिंदा मावशीच्या दुकानात मोठा टीव्ही आहे. वस्ती जमली. बाहेर रस्त्यावरसुद्धा लोक होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी सांगितलं होतं, बाबा, घरीच बघू, दोघंच. ते म्हणाले, धूर सगळ्यांचा होता.

व्हिडिओ सुरेख झाला आहे. हे मला लिहायला हवं. क्रेनवरून आख्खा कारखाना दिसतो, मागे बेट आणि धुकं. ड्रम फिरतात, रंग नवा, प्रत्येक पाटी वाचता येते. लोक आपापलं यंत्र ओळखून टाळ्या वाजवत होते. मग काटा चढतो, मग बाबा. त्यांचा चेहरा पडदाभर. ओठ हलतात, पण त्यांचा आवाज नाही, त्यावर एका इंग्रज बाईचं निवेदन आहे. ही मांडणी साहेबांची आहे. ते म्हणाले होते, जिथे चेहरा चांगला तिथे कडू वाक्य टाकायचं, लोक चेहरा बघतात, वाक्य ऐकत नाहीत.

“थांबव, थांबव,” बाबा म्हणाले. “मी बोलतोय तर ही का बोलते?”

“भाषांतर आहे उस्ताद,” कोणीतरी म्हणालं. “तुम्ही आता इंग्रज झालात.”

“मी काय म्हणतोय ते सांग ना मग,” ते मला म्हणाले. “रुसली ती माणसं, हे घेतलंय का?”

प्रत्येक वाक्यावर कोणतं चित्र येणार, ते कागदावर लिहून ठेवायचं काम माझं होतं. म्हणून साहेबांनी प्रत्येक वाक्याचा अर्थ मला सांगितला होता. मी म्हणू शकलो असतो की हो, घेतलंय. माझ्या तोंडावर तेच आलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि हंगामाला थोडेच दिवस होते. त्यांच्यातल्या एकाने दुसरीकडचं काम सोडलं होतं. दोघांनी कर्ज काढून जाळी घेतली होती.

मी म्हटलं, “ती म्हणतेय, सर्व यंत्रं चालू अवस्थेत आहेत. सोडवून बोटीवर चढवून दिली जातील. आणि कामगारांची कोणतीही जबाबदारी घेणाऱ्यावर राहणार नाही.”

“पुढे?” बाबा म्हणाले.

“पुढे बंदरात पाणी किती खोल ते सांगतेय.”

 मग एकदम सगळे बोलायला लागले. एक जण मला मारायला उठला, ओर्फेलिंदा मावशी मध्ये आली. म्हणाली, “त्याला कशाला? त्याने निदान सांगितलं.” काही जण तिथूनच ऑफिसकडे गेले. फाटकाला नवं कुलूप होतं. पहारेकऱ्याने सांगितलं, इंजिनिअर लिमाला गेले आहेत, कधी येतील ठाऊक नाही. आज सकाळी नोटीस लागली. सही न केलेल्यांनी आपले दावे वकिलामार्फत लिमाच्या पत्त्यावर पाठवावेत. साहेबांनी मला आज कामावरून काढलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, कागदावर सही तुझीही होती.

शनिवारी दुकान रिकामं झालं तरी बाबा उठले नाहीत. मी टीव्ही बंद करायला गेलो.

“राहू दे,” ते म्हणाले. “फक्त तिचा आवाज बंद कर. परत लाव.”

मी लावला. आवाजाशिवाय तो व्हिडिओ फार लांब वाटतो. त्यांचा चेहरा आला तेव्हा ते पडद्यावरच्या ओठांबरोबर हळू आवाजात तेच वाक्य म्हणाले. त्यांना ते पाठ होतं. संपल्यावर पुन्हा लाव म्हणाले. मावशी मागे खुर्च्या रचत होती, पण आवाज होऊ देत नव्हती.

घरी आल्यावर बूट काढताना म्हणाले, “अबनेरला कळवू नकोस.”

“बाबा, तो तिकडचं काम सोडून येईल.”

“येऊ दे.”

“इथे काय करेल तो? काम नाही, पैसे नाहीत, आता माझाही पगार नाही.”

“ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “तरी कळवू नकोस. कळलं की तो यायचा नाही.”

मी कळवलं आहे.

योसिमार